तुम्ही विचारलंत म्हणून: अँटिबायोटिकचा रक्तस्रावाशी काय संबंध?

रक्तस्रावाच्या आजारांवरच्या माझ्या कामाबद्दल सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "अँटिबायोटिक जंतू मारतं, मग त्याने रक्त का वाहावं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना क्रमांक दिलेले आहेत. त्यांतले दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक यकृतात तयार होतात, पण व्हिटॅमिन के मिळाल्याशिवाय ते कामाचे नसतात. हे व्हिटॅमिन एकदा वापरलं गेलं की एक एन्झाइम त्याला पुन्हा वापरण्याजोगं करतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन नेमकं या एन्झाइमला अडवतं. सेफालोस्पोरिन या अँटिबायोटिकच्या गटातल्या सेफोपेराझोनसारख्या काही औषधांच्या रेणूला एनएमटीटी नावाची बाजूसाखळी असते. ती सुटी झाली की तीही तिथेच आडवी येते. 1980च्या दशकात मोक्सालॅक्टम नावाचं याच धाटणीचं औषध रक्तस्रावामुळेच मागे पडलं.

पण नीट जेवणाऱ्या, धडधाकट माणसाला हीच औषधं दिली तर बहुतेकदा काहीच होत नाही. त्रास होतो तो अनेक दिवस पोटात अन्न न गेलेल्या, कुपोषित, मूत्रपिंड किंवा यकृत थकलेल्या रुग्णाला. व्हिटॅमिन केचा साठा मुळात तुटपुंजा, त्यात आहार बंद, आणि वर हे औषध. म्हणून केसपेपर हातात आला की औषधाच्या नावाआधी मी बघते, रुग्ण शेवटचं नीट कधी जेवला. या नोंदीची जागा बहुतेक वेळा रिकामी असते, आणि मला ते खरोखर खटकतं. सातव्या घटकाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, जेमतेम सहा तासांचं, त्यामुळे बिघाड आधी प्रोथ्रोम्बिन टाइममध्ये, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या तपासणीत, दिसतो. वेळीच पाहिलं तर व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनने तो सहसा दिवसभरात सुधारू लागतो.

वॉरफरिन चालू असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक दिली की वॉरफरिन शरीरातून लवकर निघत नाही आणि आयएनआर (प्रोथ्रोम्बिन टाइमवरून काढलेला आकडा; तो जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं) वाढतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन नेमकं याच्या उलटं करतं, म्हणून वॉरफरिनचा डोस वाढवावा लागतो. खरा धोका रिफाम्पिसिन बंद केल्यावरचा. त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर डोईजड होतो. औषध सुरू करताना सगळे सावध असतात, थांबवताना तेवढं लक्ष राहत नाही.

लिनेझोलिड हे अँटिबायोटिक प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, कमी करतं, बहुधा दहा-चौदा दिवसांनंतर, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी लवकर. आठवड्याला एक रक्ततपासणी एवढंच त्याला लागतं.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडतं ते रिस्टोसेटिन. 1950च्या दशकात आलेलं हे अँटिबायोटिक प्लेटलेट्स घटवतं म्हणून वापरातून गेलं. 1971 मध्ये लक्षात आलं की व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारात त्याने प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतच नाहीत. तेव्हापासून ते निदानाच्या कामी आहे. नळीत प्लेटलेट्स असलेला गढूळसर प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) घ्यायचा आणि त्यात रिस्टोसेटिन घालायचं. निरोगी नमुन्यात प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, द्रव निवळतो, प्रकाश आरपार जाऊ लागतो आणि आलेख चढतो. आजार गंभीर असेल तर द्रव तसाच गढूळ राहतो आणि आलेख जवळजवळ सपाट. ज्या दोषापायी औषध टाकून दिलं, तोच दोष आज आम्हाला आजार ओळखून देतो. ही तपासणी कितीही वेळा पाहिली तरी माझा आनंद कमी होत नाही.

हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजारातही अँटिबायोटिक वेगळ्याच कामाला येतं. वारंवार रक्तस्राव होऊन सांध्याचं आवरण सुजलं असेल तर रिफाम्पिसिन थेट सांध्यात टोचून ते आवरण आक्रसवण्याचा उपचार आहे. तो अर्थातच रक्त गोठवणारा घटक देऊनच करायचा.

"मग अँटिबायोटिक घ्यायचंच नाही का?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला. घ्यायचं, आणि मनाने बंद तर अजिबात करायचं नाही. गंभीर संसर्गात रक्त गोठण्याची घडी जंतूंमुळेच विस्कटते, तेव्हा औषध थांबवलं तर रक्तस्राव उलट वाढू शकतो. वॉरफरिन चालू असेल तर नवीन अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा आणि आयएनआर चार-पाच दिवसांत पुन्हा बघून घ्या. हिमोफिलिया असेल तर इंजेक्शन स्नायूत नको, शिरेतून द्या असं स्पष्ट म्हणा. आणि हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा अंगावर आपोआप निळे डाग दिसले, तर त्याच दिवशी दाखवा.