गुग्गुळ घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा

गुग्गुळाचे काटेरी, खुरटे झुडूप राजस्थान, कच्छ आणि सिंधच्या रुक्ष, खडकाळ जमिनीत वाढते. वर्षातील बराच काळ त्यावर पाने नसतात. पण सालीला छेद दिला की जो सुगंधी चीक पाझरून घट्ट होतो, तो आपल्याकडे धुपातही जळतो आणि गोळ्यांच्या रूपाने औषधांच्या डब्यातही असतो. माझ्या परिचयातील अनेक ज्येष्ठ मंडळी गुडघेदुखीसाठी योगराज गुग्गुळ वर्षानुवर्षे घेतात, मात्र रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याविषयी अवाक्षरही सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते. या समजुतीची मला फार काळजी वाटते.

आयुर्वेदाने स्वतः गुग्गुळाला इतके निरुपद्रवी मानलेले नाही. कच्चा गुग्गुळ पोटात घेऊ नये, तो त्रिफळ्याच्या काढ्यात, दुधात किंवा गोमूत्रात शिजवून व गाळून आधी शुद्ध करावा, असा दंडक आहे. शिवाय योगराज गुग्गुळ हा मुख्यतः वनस्पतिज द्रव्यांचा कल्प असला, तरी महायोगराज गुग्गुळात नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म आणि पाऱ्यापासून केलेला रससिंदूर असतो. दुकानात या दोन्ही डब्या शेजारीशेजारी मिळतात आणि वैद्याच्या चिठ्ठीशिवाय सहज हातात पडतात. दुसरी डबी महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेणे मला सरळ धोक्याचे वाटते.

कोलेस्टेरॉलवरील गुग्गुळाच्या उपयोगाचा इतिहास तर विशेष बोधक आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या, म्हणजे अंगात चरबी साठण्याच्या विकाराच्या, वर्णनाचा धागा धरून संशोधक जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि त्यांत रक्तातील चरबी घटल्याचे दिसले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळापासून ‘गुगुलिपिड’ हे प्रमाणित औषध विकसित केले व भारतातील चाचण्यांत त्याचे निष्कर्ष आशादायक आले. मात्र २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १०३ रुग्णांवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल चार ते पाच टक्क्यांनी वाढले, तर औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांचे पाच टक्क्यांनी घटले. आहारातील फरकामुळे असे झाले असावे, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. तरीही हृदयरोग्याने डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून गुग्गुळावर विसंबावे, एवढा भक्कम पुरावा आज हाती नाही, असेच माझे मत आहे.

याच चाचणीत काही जणांच्या अंगावर पुरळ उठले होते. गुग्गुळाने पोट बिघडते, डोके दुखते. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयविकार व रक्तदाबावरील औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळामुळे घटते, म्हणजे नेमाने गोळी घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येण्याची शक्यता असते आणि त्याचे कारण डॉक्टरांच्या ध्यानातच येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत थायरॉईड ग्रंथीवर परिणाम दिसल्यामुळे त्या विकाराच्या रुग्णांनीही तो विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवतींनी तर तो टाळावाच, कारण मासिक पाळी आणणारे द्रव्य म्हणूनही त्याची ख्याती आहे.

आणखी एक गोष्ट या झुडपाच्या दुर्दशेशी निगडित आहे. अधिक चीक मिळावा म्हणून खोल घाव घालून त्यावर दाहक द्रव्ये चोपडली जातात आणि त्यानंतर अनेक झुडपे वाळून मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही वनस्पती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. माल दुर्मीळ झाला की भेसळ वाढते, आणि बाजारातील गुग्गुळात सालईचा डिंक किंवा इतर झाडांचे राळ मिसळलेले आढळते. त्यामुळे सुटा गुग्गुळ आणून घरी औषध करण्याऐवजी, घटक व परवाना क्रमांक छापलेली डबीच घ्यावी आणि तीच डबी डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.