दुर्गेला न दिसलेली आगगाडी

'पथेर पांचाली' हा चित्रपट मी कादंबरीच्या कितीतरी आधी पाहिला होता. त्यामुळे बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी अनुवादातून वाचायला घेतली, तेव्हा पान उलटताना मी एकाच प्रसंगाची वाट पाहत होतो. काशगवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत सुटलेल्या अपू आणि दुर्गेला आगगाडी दिसते, तो प्रसंग पुस्तकात आलाच नाही.

कादंबरीत ही भावंडे हरवलेले वासरू शोधायला बाहेर पडतात आणि रेल्वेचा रस्ता पाहण्याच्या ओढीने शेते, पाणथळ जागा तुडवत खूप दूर जातात. पण रूळ काही सापडत नाहीत आणि दोघांना तसेच परतावे लागते. पुढे तापाने अंथरूण धरलेली दुर्गा धाकट्या भावाला विचारते की, मी बरी झाले की एकदा मला आगगाडी दाखवशील ना? ती बरी होत नाही. हे वाचल्यावर सत्यजित राय यांनी १९५५च्या चित्रपटात दुर्गेला गाडी का दाखवली, याचा मला काही दिवस चक्क राग आला होता.

तो राग पुन्हा चित्रपट पाहिल्यावर निवळला. कारण नीट पाहिले तर तिथेही दुर्गा धावताना अडखळून पडते आणि रुळांपर्यंत एकटा अपूच पोहोचतो. कॅमेरा रुळांच्या पलीकडे आहे. गाडी आपल्या आणि अपूच्या मधून धडधडत जाते आणि तिच्या चाकांच्या फटींतून तो इवलासा मुलगा आपल्याला दिसत राहतो. (या चित्रीकरणाचा पहिला दिवस पार पडल्यावर मंडळी आठवड्याने परत आली, तर गुरांनी काशफुले फस्त केली होती आणि पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावे लागले.) मुले परत फिरतात, तो बांबूच्या बनात म्हातारी इंदिर ठाकरून मरून पडलेली. कादंबरीत ही दूरची आत्या पहिल्या भागाच्या अखेरीसच जाते, तेव्हा अपू अगदी तान्हा असतो. राय यांनी तिला इतका काळ जगवले आणि तिचा मृत्यू गाडीच्या धुराला लागून आणून ठेवला. माझ्या मते संपूर्ण रूपांतरातला हा सर्वांत धाडसी बदल आहे, आणि इंदिरची भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवींचे काम पाहिल्यावर तो चुकला असे म्हणायला जीभ रेटत नाही.

चोरीच्या वस्तूचेही तसेच. दुर्गेने चोरलेला सोन्याचा छोटा करंडा अपूला गाव सोडायच्या वेळी सापडतो आणि तो बांबूच्या बनात भिरकावून देतो, असे कादंबरीत आहे. चित्रपटात करंड्याऐवजी माळ आहे आणि बनाऐवजी तळे. माळ पडते, पाण्यावरचे शेवाळ दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. बहिणीची अब्रू भावाने कशी झाकली, हे सांगायला एका शब्दाचीही गरज उरत नाही. इथे मी चित्रपटाच्या बाजूचा आहे.

गाव सोडण्याच्या प्रसंगाबाबत मात्र माझे मन कादंबरीकडेच ओढ घेते. चित्रपट बैलगाडीवर आणि ओसाड घरात शिरणाऱ्या सापावर संपतो. कादंबरीत हे कुटुंब काशीला जायला निघते आणि आगगाडीत बसते. ज्या गाडीसाठी दोघे रानोमाळ धावले होते, ती अपूला मिळते तीच मुळी गाव सोडताना. माझेरपाडा स्थानक मागे पडू लागते, तेव्हा त्याला वाटते की दीदी तिकडेच, गावाच्या कडेला उभी राहून आपल्याकडे पाहते आहे. मग तो मनातल्या मनात तिला सांगू लागतो की, मी तुला विसरलेलो नाही, मी आपणहून तुला टाकून चाललेलो नाही, ही माणसे मला घेऊन चालली आहेत.