शांघाय ते ग्वांगझोउ: किनाऱ्याच्या रेल्वेने चिनी भाषा ऐकत

चीनची पहिली सहल आपल्याकडचे बहुतेक जण बीजिंग, शीआन आणि शांघाय अशी करतात. त्या वाटेवर हॉटेलात, स्टेशनात, टॅक्सीत सगळीकडे मँडरिनच कानावर पडते आणि चिनी ही एकच भाषा आहे अशी समजूत घेऊन माणूस परततो. ज्यांना भाषांची गोडी आहे त्यांनी शांघायहून किनाऱ्याने दक्षिणेला उतरावं, असं मी आग्रहाने सांगेन. वेन्झोउ, फुझोउ, छ्वानझोउ, शियामेन, छाओशान आणि शेवटी ग्वांगझोउ. ही सगळी ठिकाणं वेगवान रेल्वेने जोडलेली आहेत. दोन-तीन तास गाडीत बसलं, की पुढच्या गावातल्या आजींचं बोलणं मागच्या गावातल्या आजींना कळणार नाही.

सरकारदरबारी या सगळ्यांना 'फांगयेन', म्हणजे बोली, म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ त्यांचे सात किंवा दहा गट पाडतात आणि त्या गटांच्या आतही लोकांना एकमेकांचं कळेलच असं नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण कानांनी ऐकल्यावरच पटलं. आपण सहज करू शकतो असा एक प्रयोग आहे: प्रत्येक गावात कुणालातरी एक ते दहा आकडे म्हणायला सांगा. मँडरिनमध्ये सहा म्हणजे 'लिओउ'. शांघायच्या भाषेत 'लो' म्हणून श्वास एकदम तोडतात, शियामेनला 'लाक' होतं, ग्वांगझोउला 'लुक'. दहाला शियामेनमध्ये 'त्साप' म्हणतात आणि ग्वांगझोउत 'सप'. शेवटचे हे क आणि प एके काळी उत्तरेतही होते. मँडरिनने ते गमावले, दक्षिणेने जपले. विचारायचं कसं, तर 'पन्तीह्वा त्सन्म श्वो?', म्हणजे 'इथल्या बोलीत कसं म्हणतात?' एवढं एक वाक्य पाठ करून जा. ते ऐकल्यावर लोकांचे चेहरे खुलतात, शेजारच्या दुकानातली माणसंही गोळा होतात, आणि कुणाचा उच्चार खरा यावर त्यांच्यात वाद सुरू होतो.

सुरुवात सुझोउपासून करा. ते शांघायहून अर्ध्या तासावर आहे. तिथल्या फिंगच्यांग रस्त्यावरच्या चहाघरांत 'फिंगथान' ऐकायला मिळतं: दोन कलाकार, तीन तारांचं सानश्येन आणि चार तारांची फीफा ही वाद्यं, आणि सुझोउच्या बोलीत रंगवून सांगितलेली गोष्ट. चहाचे पैसे द्यायचे आणि निवांत बसायचं. ही 'वू' गटातली भाषा. मराठी कानाला तिच्यात एक गोष्ट लगेच जाणवते. मँडरिनमध्ये आपला खरा 'ब' किंवा 'द' नाही. रोमन लिपीत बी लिहितात, पण उच्चार 'प'च्या जवळचा असतो. वू भाषांमध्ये मात्र प, हकारयुक्त प आणि ब असे तिन्ही आहेत.

वेन्झोउही वू गटातच मोडतं, पण शांघायच्या माणसाला तिथलं काही कळत नाही. 'आभाळाला भीत नाही, जमिनीला भीत नाही, पण वेन्झोउवाले वेन्झोउच्या भाषेत बोलायला लागले की भीती वाटते' अशी म्हणच आहे. शहर व्यापारी आहे, पाहण्यासारखं फार नाही. नदीतल्या च्यांगशिन बेटावर नावेने जा आणि पुढची गाडी पकडा.

फुझोउला जास्त वेळ द्या. 'सानफांग छीश्यांग', म्हणजे तीन वाडे आणि सात गल्ल्या, हा जुना भाग पर्यटकांनी भरलेला असतो, म्हणून सकाळी लवकर जा. इथली भाषा पूर्व मिन. शब्द एकामागोमाग आले की पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजनच बदलतं, जवळजवळ आपल्या संधीसारखं, आणि सूर बदलला की काही स्वरही बदलतात. एका बागेत एक आजी नातवाशी सलग याच भाषेत बोलत होत्या आणि तो प्रत्येक वेळी मँडरिनमध्ये उत्तर देत होता. दोघांनाही त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. मला मात्र ते फार लागलं. शाळा मँडरिनमध्ये चालते, २००१ पासून लागू झालेला भाषा कायदाही तिच्याच बाजूने आहे, आणि बाहेरगावच्या माणसांनी भरलेल्या शहरात मुलं खेळतानाही तीच बोलतात. त्यामुळे या भाषा ऐकायच्या तर साठीच्या पुढची माणसं जिथे बसतात तिथे जायला हवं: बागा, देवळांची आवारं, भाजीबाजार. मॉलमध्ये काही मिळणार नाही.

फुझोउ ते शियामेन नवी रेल्वे २०२३ मध्ये सुरू झाली. सर्वांत जलद गाडी तासाभराच्या आत पोचवते. पण मधे छ्वानझोउला उतरल्याशिवाय जाऊ नका. तिकीट काढताना 'छ्वानझोउ' हेच स्टेशन निवडा. पूर्व आणि दक्षिण ही नवी स्टेशनं वेगळी आहेत. इथल्या खाययुआन मंदिराच्या मुख्य सभामंडपामागे दोन दगडी खांब आहेत आणि त्यांवर नरसिंह आणि कृष्णकथा कोरलेल्या आहेत. तेराव्या शतकात इथे तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती. १२८१ चा तमिळ आणि चिनी असा द्वैभाषिक शिलालेख सापडला आहे. फुच्येन प्रांतातल्या गावात उखळाला बांधलेला कृष्ण समोर दिसतो तेव्हा पाय निघत नाही. संध्याकाळी जुन्या कन्फ्यूशियस मंदिराच्या आवारात 'नानयिन' ऐका. या संगीताला २००९ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. ते छ्वानझोउच्या उच्चारातच गातात. या मिन्नान, म्हणजे दक्षिण मिन, भाषेत अनुनासिक स्वर भरपूर आहेत, त्यामुळे आपल्याला त्यांची नक्कल चांगली जमते.

शियामेनहून योंगतिंगच्या मातीच्या गोल वाड्यांना, 'थुलोउ'ला, एक दिवस द्या. होंगखंग गावातला १९१२ चा चनछंग लोउ आवर्जून पाहा. तिथले हक्का लोक हक्का भाषा बोलतात, आणि 'पूर्वजांची शेती विका, पण पूर्वजांची भाषा विसरू नका' अशी त्यांची म्हण आहे.

छाओशानला चहा प्या: इवलेसे पेले, पुन्हा पुन्हा भरलेले, आणि गप्पा. यजमानाला घाई नसते, तुम्हीही करू नका.

ग्वांगझोउत मेट्रोच्या घोषणा मँडरिन, इथली कँटोनीज आणि इंग्रजीत होतात. २०१० साली दूरचित्रवाणीवर कँटोनीजऐवजी मँडरिन वाढवावी असा प्रस्ताव आला तेव्हा इथले लोक रस्त्यावर उतरले होते. वाटेतल्या सगळ्या भाषांत हीच सर्वांत ठणठणीत वाटली. वेटरला 'म्-गोय' म्हणा. कुणी भेट दिली तर 'तो-चे'. दोन्हींचा अर्थ धन्यवादच.

आता व्यवहाराचं. भारतीयांना पर्यटक व्हिसा मिळतो. पैसे देण्यासाठी अलीपे हे ॲप निघण्याआधीच आपल्या कार्डाला जोडून घ्या. रेल्वेला पासपोर्ट हेच तिकीट. गुगल चालत नाही, म्हणून प्लेको हा शब्दकोश आणि मँडरिनचं ऑफलाइन भाषांतर आधीच उतरवून ठेवा. वेन्झोउ किंवा फुझोउच्या भाषेत मात्र भाषांतराचं ॲप उपयोगी पडत नाही. तिथे लिहून दाखवा, लिपी सगळीकडे चालते. शाकाहारी असाल तर 'मी शाकाहारी आहे, मासे आणि मांसाचा रस्साही नको' हे चिनीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. देवळांजवळ शाकाहारी जेवण मिळतं. शियामेनच्या नानफुथुओ मंदिराचं उपाहारगृह उत्तम आहे.

जुलै ते सप्टेंबर या किनाऱ्यावर वादळं येतात, आणि १ ऑक्टोबरच्या आठवड्यात सुट्ट्यांमुळे तिकिटं मिळत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यानंतर निघा.