अकरा महिने

जाहिरातीत पदाचं नाव होतं 'लिपिक-नि-टंकलेखक', पुढे 'निव्वळ कंत्राटी, ११ महिने'. त्याखाली बारीक अक्षरात एक वाक्य: सदर उमेदवारास कायम सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. आमच्या भाडेकराराची भाषा अगदी अशीच आहे. राहा, पण आपलं समजू नका. भिंतीला खिळा मारायचा तर विचारून मारा.

मुलाखत 'थेट' होती. म्हणजे बोलावणं वगैरे काही नाही, आपण थेट जायचं आणि थेट बसून राहायचं. नोंदणी नऊ ते दहा, म्हणून पहाटेची एस.टी. धरली. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढ्यापुरती मी त्या दिवशी फायद्यात होते. पिशवीत दहावीपासूनची प्रमाणपत्रं, एमएस-सीआयटी, डोमिसाइल आणि दोनच मुलं असल्याचं लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. अकरा महिन्यांत तिसरं होईल अशी धास्ती असावी.

नोंदणीच्या टेबलावर एक ताई होत्या. चाळिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, हात सपासप चालणारा. झेरॉक्सवर सही राहिली असेल तर न बोलता त्या जागी बोट ठेवायच्या. स्टेपलर अडकला की टेबलावर दोनदा आपटून चालू करायच्या. माझा नंबर सदतिसावा. सही करताना यादीवर सहज नजर गेली, तर पहिलंच नाव ताईंच्या ओळखपत्रावरचं!

"तुम्हीपण?"

"माझे अकरा महिने शुक्रवारी संपले," त्या म्हणाल्या. "आज मी तशी इथं नाहीच. पण साहेब म्हणाले, आलाच आहात तर नोंदणीला बसा."

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं परतीची गाडी धरली असती. मी पंख्याखालची खुर्ची धरली. शेजारी बी.ई. झालेला एक मुलगा होता. त्यानं जेवणाचा डबा आणला होता, म्हणजे त्याची ही पहिली 'थेट' मुलाखत नसणार.

साडेतीनला आत बोलावलं. समोर तिघं. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात चहा, आणि तिसऱ्यांच्या हातात माझी फाइल. तीही उलटी.

"मधली बारा वर्षं काय केलंत?"

"घर सांभाळलं. सासूबाईंचं आजारपण, मुलं..."

"म्हणजे अनुभव नाही." त्यांनी कागदावर तसं लिहूनही टाकलं. मग मोबाइलवाल्यांनी मान वर करून विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

मी मनात हिशेब केला. पाच वर्षं म्हणजे साठ महिने, म्हणजे असल्या पाच मुलाखती आणि वर पाच महिने. तोंडानं मात्र "याच कार्यालयात, सर" म्हणाले. ते हसले. मला वाटतं, दिवसभरात तेवढंच त्यांना आवडलं.

मग टायपिंग. हा माझा हुकमी पत्ता. १९९९ साली मी गोदरेजच्या मशीनवर मराठी शिकले, तीस शब्द मिनिटाला, परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र. पुढे २०१७ साली मशीनवरची ती परीक्षाच बंद झाली, पण बोटांना कोण सांगणार? डाव्या हाताचं मधलं बोट म्हणजे क. उजव्याचं मधलं म्हणजे काना. डावं मधलं एक ओळ वर नेलं की म. काम. हा शब्द मी झोपेतसुद्धा मारीन.

उताऱ्याची सुरुवातच 'कामकाज'नं होती. मी जोरात 'काम' मारलं. पडद्यावर टिंबाटिंबाचं एक वर्तुळ आलं, त्याखाली मोडका पाय, आणि पुढे 'का'. पुसलं, पुन्हा मारलं. पुन्हा 'का'. मी काम म्हणतेय आणि यंत्र विचारतंय, का?

"इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे तो," कोपऱ्यातला मुलगा म्हणाला. "तुमचं जुन्या मशीनचं रेमिंग्टन दिसतंय. अक्षरांच्या जागा वेगळ्या."

"बदलून देता का?"

"सेटिंगला पासवर्ड आहे. तो बाहेरच्या मॅडमना माहीत."

"मग त्यांना विचारा ना."

"त्या उमेदवार आहेत," चहावाले साहेब गंभीरपणे म्हणाले. "टायपिंग चालू असताना त्यांना आत कसं घेणार? नियमात बसत नाही."

दहा मिनिटांत मी अडीच ओळी मारल्या, एकेक अक्षर हुडकत, कोंबडीनं दाणे टिपावेत तशी. त्यातली 'कार्यालय'मधली रफार शेवटपर्यंत सापडली नाही.

बाहेर आले तर ताई माझी मूळ प्रमाणपत्रं क्रमानं लावून ठेवत होत्या. मी झालेलं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, दारातून हाक मारायची ना! मी इथूनच सांगितला असता पासवर्ड." मग हळू आवाजात म्हणाल्या, "अवघड नाही ते. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. पंधरा दिवसांत बोटं वळतात. मीही इथंच शिकले. अकरा महिन्यांनी पुन्हा जाहिरात निघेलच."

यादीतलं पहिलं नाव सगळ्यांत शेवटी पुकारलं गेलं. ताईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खणात टाकलं, ओढणीनं तोंड पुसलं आणि स्वतःचीच फाइल उचलली. दारापाशी वळून म्हणाल्या, "दोन मिनिटं बसता का इथं? कुणी आलं तर थांबायला सांगा."

मी बसले. खुर्ची अजून गरम होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. इकडेतिकडे पाहिलं, कुणीच उठेना, तेव्हा मीच उचलला.