सहा महिने, रोज सकाळी

दिवाळी झाली आणि ह्यांना खोकला लागला. इचलकरंजीत मागावरच्या कामगाराच्या खोकल्यानं कुणी दचकत नाही. दिवसभर तूस नाकातोंडात जातो, खोकला यायचाच, असंच सगळे धरून चालतात. आम्हीही तेच धरून चाललो. ज्या डॉक्टरांकडे जात होतो त्यांनी दीड महिन्यात खोकल्याच्या तीन बाटल्या दिल्या, दोनदा अँटिबायोटिक दिलं, पण बेडका तपासून घ्या असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण तो दीड महिना आमची तीन वर्षांची मुलगी रोज रात्री बापाच्या कुशीत झोपत होती.

गल्लीत आशाताई आल्या होत्या, त्यांना आतून खोकला ऐकू आला. "किती दिवस झाले? दोन आठवड्यांच्या वर गेला की तपासायचाच." त्यांनी डबी दिली. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घेऊन खोकायचं, लाळ चालणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला, टीबी आहे. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल असंही सांगितलं. त्या शब्दाचं मोल तेव्हा मला कळलं नाही. ते औषध लागू पडत नसतं तर उपचार वेगळे आणि फार अवघड असते.

शुगर आणि एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या, वजन भरलं 47 किलो. त्यावरून रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं, दोन महिने. मग तीन औषधांची गोळी, चार महिने. सगळं फुकट. लघवी नारिंगी होईल हे नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर पहिल्याच दिवशी हे गोळ्या फेकून मोकळे झाले असते.

घरी सासूबाईंनी ह्यांच्या पेल्याला लाल दोरा बांधला. ताट वेगळं, वाटी वेगळी. दवाखान्यातले पर्यवेक्षक घरी आले तेव्हा मी त्यांच्यासमोरच विचारलं. ते म्हणाले, "आजी, हा रोग हवेतून जातो, भांड्यातून नाही. खिडकी उघडी ठेवा." बाजेमागची खिडकी आम्ही वर्षानुवर्षं उघडली नव्हती. ती उघडली, ह्यांनी मास्क लावला, अंथरूण वेगळं केलं. दोरा मात्र महिनाभर तसाच होता. सासूबाईंचा मी दुस्वास करत नाही. त्यांच्या लहानपणी घरात क्षयानं माणसं गेलेली त्यांनी पाहिली आहेत.

पण माझी खरी परीक्षा पोरीच्या वेळी झाली. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझा आणि सासूबाईंचा एक्स-रे स्वच्छ आला. पोरीलाही ताप नाही, खोकला नाही, वजन वाढतंय. तरी डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांखालच्या मुलाला घरातून लागण झाली तर आजार लवकर आणि जोरात होतो, म्हणून हिला आयसोनियाझिड हे टीबीवरचं औषध आधीच, सहा महिने रोज द्यायचं. धडधाकट लेकराला औषध? सासूबाई नाही म्हणाल्या, माझी आई फोनवर नाही म्हणाली, आणि खरं सांगते, मीही गोळ्यांचं पाकीट फडताळात ठेवून दिलं. तीन आठवडे घालवले. एका रात्री पोर झोपेत दोनदा खोकली. साधी सर्दीच होती, पण मी उजाडेपर्यंत बसून होते. सकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं, हरकत नाही म्हणाले, आणि त्याच दिवशी पहिली गोळी चमच्यात पाण्यात विरघळवून दिली. तिनं थुंकली. दुसऱ्या दिवसापासून केळ्यातून.

टीबीच्या रुग्णाला सरकार देतं ते पोषण आहाराचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झालेत. आमचे अडकले, कारण ह्यांचं खातं वापराविना बंद पडलं होतं. बँकेत चार खेपा झाल्या. त्यात मागाची मजुरी कापडावर, माणूस घरी बसला की पगार शून्य. महिनाभर अंडी आणि शेंगदाणे उधारीवर आणले. कुणाकडे नवीन निदान झालं असेल तर पहिल्याच आठवड्यात खातं आधारला जोडलंय का ते बघा, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी दवाखान्यात सांगा. अडलं तर टीबीच्या सरकारी हेल्पलाइनला 1800-11-6666 वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

दोन महिन्यांनी बेडका निगेटिव्ह आला, आणि ह्यांनी तिथेच गोळ्या थांबवायचं काढलं. खोकला गेला, वजन तीन किलो वाढलं, मग कशाला? मी रोज सकाळी समोर उभी राहायचे, गोळी गिळेपर्यंत. भांडणं झाली. एकही दिवस चुकू दिला नाही.

ह्यांचा कोर्स जुलैत संपला. पोरीच्या गोळ्या मी उशिरा सुरू केल्या, म्हणून त्या अजून आहेत. आज सकाळी पाकीट आणि केळं तीच घेऊन आली. केळं सोलायचं काम आता सासूबाईंकडे असतं.