मोठ्यांची परीक्षा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 17 मार्च 2024 ला रविवार असून शाळा उघडी होती, कारण त्या दिवशी मोठ्या माणसांची परीक्षा होती. उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, 15 वर्षांच्या पुढच्या ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठीचा. पेपर 150 मार्कांचा, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. सकाळी 10 ते संध्याकाळी 5 मध्ये कधीही यायचं, ही सोय ज्यांनी ठेवली त्यांचे खरंच आभार, कारण ज्वारीची काढणी सुरू होती आणि बऱ्याच बायका सकाळचं रानातलं काम उरकून दुपारीच आल्या.

माझ्या वर्गात एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना सुनेनं शिकवलं होतं. या कार्यक्रमात शिकवणाऱ्याला मानधन नसतं, तरी ती मुलगी धारा काढून, भाकरी थापून, भांडी घासून झाल्यावर रात्री सासूला घेऊन बसायची, आणि दोघी दमलेल्या असल्या तरी दोन ओळी झाल्याशिवाय उठायच्या नाहीत, हे मला आजींनीच सांगितलं. मला यात त्या दोन ओळीच सगळ्यात मोठ्या वाटतात. कारण पहिलीच्या मुलाला सगळा दिवस शिकायलाच मिळतो, यांना उरलेल्या वेळातलं शिकायचं, तेही खुरपं धरून घट्ट झालेल्या हातानं. पेन इतका दाबून धरलेला की अक्षरं मागच्या पानावर उठत होती. आजी मधेच पेन खाली ठेवायच्या, बोटं मोडायच्या आणि परत लिहायला लागायच्या.

चष्म्याची एक अडचण झाली. शेजारच्या मावशींचा घरी राहिला होता, प्रश्न दिसेनात. आजींनी आपला काढून दिला, म्हणाल्या, "तू वाच आधी, मी तवर गणिताचं डोक्यात करते." मग मी माझा जवळचं दिसायचा चष्मा मावशींना दिला, तो बरा लागला, आणि दोघींचं काम सुरू झालं.

गणिताबद्दल मुद्दाम सांगते, लोकांना वाटतं यांना हिशोब येत नाही. असं अजिबात नाही. आजी बाजारात भाजी विकतात, सुट्टे पैसे क्षणात देतात. अवघड जातं ते तोंडी केलेलं कागदावर मांडणं, हातचा कुठं लिहायचा, दशक कुठं, एकक कुठं. डोक्यात उत्तर तयार असायचं आणि आकडे मात्र एकाखाली एक येत नव्हते. तरी त्या खोडून खोडून परत मांडत होत्या, एकदाही "जमत नाही बाई" म्हणाल्या नाहीत.

लिहून झालेला पेपर माझ्याकडे देताना आजींनी हात जोडले. मी म्हटलं, "आजी, माझे कशाला, सुनेचे आभार माना." तर म्हणाल्या, "तिला तर रोज म्हणते. आज पोरीनं माझ्यापायी रानात खाडा केला."

ते 'रोज म्हणते' माझ्या फार मनाला लागलं. तेव्हापासून मी टाचणवहीत खाली एक ओळ लिहायला लागले, आज कुणी काय धडपड केली त्याची. 'ळ' तीन वेळा पुसून चौथ्यांदा काढला, बुटातला खडा काढायलाही न थांबता गोष्ट संपेपर्यंत ऐकली, असलं काहीही. आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला सगळ्यांसमोर सांगते, मार्कांचा विषयच नाही त्यात. सगळ्यात मागे बसणारा एक जण आता स्वतःहून येऊन विचारतो, "बाई, काल माझं काय लिहिलं?" आणि काही लिहिलेलं नसलं की दिवसभर काहीतरी करत राहतो.

आजींचा निकाल आला तो वाचन-लेखनात पास, संख्याज्ञानात 'सुधारणा आवश्यक'. सून जरा हिरमुसली होती. आजी मात्र गुणपत्रिका हातात घेऊन स्वतःचं नाव आधी मोठ्यांदा वाचून मोकळ्या झाल्या आणि लगेच मला म्हणाल्या, "बाई, पुढची परीक्षा कवा हाय? आता तेवढं हातच्याचं तुम्ही दाखवा, पोरगी लई भरभर सांगती."