पांढरी दोनच्या जरा वर

देवगिरी एक्स्प्रेसने ठाणं सोडलं तेव्हा बॅग वरच्या बर्थवर होती आणि मांडीवर कापडी पिशवीत बारा एलपी. रेकॉर्डी आडव्या एकावर एक रचल्या की खालची दबते, उन्हात राहिल्या की कडा वर येऊन परातीसारख्या होतात. म्हणून झोप लागेपर्यंत पिशवी उभीच धरून बसलो. टर्नटेबल छोटा, बॅटरीवर चालणारा. तो स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत घातला होता.

घरी काय ऐकलं ते मी वहीत टिपून ठेवतो. रेकॉर्डींचे कप्पे तीन: जॅझ, रॉक आणि विसाव्या शतकातलं पाश्चात्त्य अभिजात. गेल्या सहा महिन्यांची पानं चाळताना दिसलं की तिन्ही कप्प्यांतून हात एकाच जातीच्या संगीताकडे जातोय. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ची 'काइंड ऑफ ब्लू'. बीटल्सच्या १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर'मधलं शेवटचं गाणं, जे जवळजवळ सगळंच्या सगळं तंबोऱ्याच्या झंकारावर आणि एका 'सी' कॉर्डवर उभं आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचं १९६४चं 'इन सी', ज्यात त्रेपन्न छोटे तुकडे वादक आपापल्या गतीने वाजवत पुढे जातात आणि पियानोवरचा वरचा 'सी' कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठोकत राहतं. शिवाय स्टीव्ह राइक आणि आर्वो पार्ट हे दोन संगीतकार. न्यूयॉर्क, लंडन, सॅन फ्रान्सिस्को, एस्टोनिया, कुठकुठली ही माणसं, पण वीसेक वर्षांच्या आत सगळी एका सुराशी येऊन थांबली. रायली तर पुढे १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकायलाच बसला.

ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हे सगळं ऐकताना सूर कळतो, सूर विरतो कसा ते कळत नाही. तेवढ्यात खालून रिक्षा जाते. आईचं माहेर अंबाजोगाईजवळचं. मामांचा फोन आला, "हुरडा आलाय, सप्ताह बसायलाय, ये." वाटेत वेरूळ करायचं ठरवलं आणि निघालो.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून बुधवार धरला होता. दरवाजा उघडायच्या वेळेला हजर राहिलो आणि कैलास सोडून आधी दहाव्या लेण्यात गेलो. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. सातव्या शतकातलं चैत्यगृह. छताला ओळीने फासळ्या कोरल्यात, लाकडी छपराचे वासे असावेत तशा. दगडाला वाशांचा काही उपयोग नाही, तरी कोरणाऱ्यांनी एकेक वासा काढलाय. आतमध्ये शाळेची सहल होती. ती पांगेपर्यंत खांबाशी उभा राहिलो आणि मग ओठ मिटून, अगदी हलका, षड्ज लावला.

मी थांबलो, तो थांबला नाही. आधी तो माझ्यासमोर होता. मग डोक्यावर गेला आणि मग मागून आला, आणि येताना त्याची कड गेलेली होती. माझा आवाज जरा घोगरा आहे. परत आलेल्या सुरात ती खरखर नव्हती. दुसऱ्यांदा लावला तेव्हा पहिल्याचं शेपूट अजून छताशी होतं, त्यामुळे दोन झाले. तिथल्या रखवालदारांनी दारातून पाहिलं, काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा लावायला मलाच धीर झाला नाही.

दुपारी वेरूळ गावातल्या लॉजवर पॉल हॉर्नची 'इनसाइड' लावली. हा अमेरिकन बासरीवादक. १९६८ साली रात्री ताजमहालच्या घुमटाखाली एकटा बसून त्याने हे ध्वनिमुद्रण केलं. एक स्वर सोडायचा आणि तो परत येईपर्यंत थांबायचं. तिथल्या पहारेकऱ्याने दिलेली सादही या रेकॉर्डमध्ये आहे. घरी ही रेकॉर्ड मला नेहमी रिकामी वाटायची, इतकी की तीन-चार वर्षं तिला सुई लागली नव्हती. त्या दुपारी पहिल्यांदा दोन स्वरांच्या मधला भाग ऐकला. वाजवणं तिथे निम्मंच आहे, निम्मं काम घुमट करतोय. सकाळचं लेणं कानात नसतं तर मला हे अजूनही कळलं नसतं.

परतताना देवगिरीचा किल्ला. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेने, वर चढताना घाम फुटतो, आणि वर पोचल्यावर वारा असा लागतो की तो घाम जागीच वाळतो. पण मी गेलो होतो शार्ङ्गदेवासाठी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाच्या खात्यावर असलेल्या या माणसाने सात अध्यायांचा 'संगीतरत्नाकर' लिहिला. गायन, वादन आणि नृत्य मिळून संगीत, ही आपण शाळेपासून पाठ केलेली व्याख्या त्यातली. पण मला वेड लावलंय ते त्यातल्या श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरांतरं, सिद्ध करण्याच्या रीतीने. सारख्या दोन वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला बावीस तारा. एक ध्रुव, म्हणजे तिला हात लावायचा नाही. दुसरी चल. चल वीणा टप्प्याटप्प्याने एकेक श्रुती उतरवत न्यायची आणि तिचा कोणता स्वर ध्रुव वीणेच्या कोणत्या स्वरात जाऊन मिळतो ते ऐकायचं. एक जागेवर उभी, दुसरी तिच्यापासून सरकत जाते, आणि त्या सरकण्यातून स्वरांमधली अंतरं ऐकू येतात.

संध्याकाळी संभाजीनगरात पोचलो आणि स्टीव्ह राइकचं 'व्हायोलिन फेज' लावलं. १९६७ची रचना, माझ्याकडे आहे ती ईसीएम या जर्मन रेकॉर्ड कंपनीने १९८० साली काढलेली रेकॉर्ड. एक छोटीशी ओळ व्हायोलिनवर वाजवून टेपवर घेतलेली. टेप आपल्या जागी चालू राहते. वादक तीच ओळ सोबत वाजवत हळूहळू किंचित पुढे सरकतो, आणि दोन ओळींच्या फटीतून, कुणीच न वाजवलेली तिसरी धून उमटायला लागते. राइकला ही कल्पना १९६५ साली दोन टेपरेकॉर्डरमुळे सुचली. एकच आवाज दोघांवर लावला होता आणि यंत्रं आपोआप एकमेकांपासून सुटत गेली. शार्ङ्गदेवाला श्रुती मोजायची होती, राइकला धून मिळवायची होती. हेतू अगदी वेगळे. तरी ध्रुव आणि चल हे शब्द डोक्यात ठेवून ऐकलं तर ती रेकॉर्ड उलगडत जाते. मी दोन्ही कानांना वेगळं काम दिलं. डावा कान ध्रुव धरून बसला, उजवा चलाबरोबर गेला. पंधरा मिनिटांत इतका थकलो की दुसरं काही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी शहागंजच्या बाजूला भंगार आणि जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. बहुतेक रेकॉर्डी बुरशीने खाल्लेल्या. एका दुकानात कव्वालीच्या एलपींच्या गठ्ठ्यात बीटल्सची एक कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली रेकॉर्ड निघाली. कव्हर फाटलेलं, मधल्या कागदावर कुणाचं तरी शाईचं नाव, पण चर स्वच्छ. दुकानदाराने तिला कव्वालीचाच भाव लावला. पिशवीत तेरावी रेकॉर्ड आली.

एसटीने बीड, मांजरसुंबा, केज आणि अंबाजोगाई. रस्ताभर शाळू कमरेच्या वर आलेला. अंबाजोगाई म्हटलं की मला संतकवी दासोपंतांची पासोडी आठवते, जवळपास चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी लिहिलेलं पंचीकरण हे वेदान्तावरचं लेखन. एलपीच्या एका बाजूची चर सरळ उलगडली तर साधारण अर्धा किलोमीटर भरते. दोन्ही गोष्टी लांबच लांब ओळीत काहीतरी साठवून ठेवतात आणि गुंडाळल्या की कोपऱ्यात मावतात.

मामांचं वय चौऱ्याहत्तर. शेती मुलाकडे दिली, पण गावच्या भजनी मंडळात पेटी अजून तेच वाजवतात. संध्याकाळी शेतात आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या आरात गुळभेंडीची कणसं भाजायची, चटका बसत असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. पोटभर झाल्यावर बाजेवर टर्नटेबल मांडला, लहानसा स्पीकर जोडला आणि 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू लावली.

पहिलं 'सो व्हॉट'. आधी बास एकटा काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. मामा लगेच म्हणाले, "म्हणणारा एक अन् झेलणारे बाकीचे. हे तर भजनच की." मग थोडा वेळ ऐकून, "पुढं कामून सरकंना रे हे?" मी म्हटलं, "थांबा, मामा." सोळा मात्रागट झाले की ही चीज अर्ध्या स्वराने वर चढते, आठ गट तिथे राहते आणि परत खाली येते. तेवढाच काय तो बदल. ती चढली तशी मामांनी मान वर केली. "आता चढलं." आणि उतरल्यावर, "आलं घरी."

त्यांनी नातवाला पेटी आणायला पाठवलं. भात्यावर डावा हात, उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर फिरवत सूर शोधायला लागले. मी सांगितलं, पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्यांचा 'डी'. त्यांनी पांढरी दोन दाबली आणि कपाळाला आठ्या घातल्या. काळी दोन दाबली, सोडली. पुन्हा पांढरी दोन. "पांढरी दोनच्या जरा वर हाय हे. तुझं मशीन पळायलंय."

माझ्या अंगावर काटा आला, कारण मामांचं बरोबर होतं आणि मशीनही बरोबर होतं. निघण्यापूर्वी मी त्याची गती तपासली होती, मिनिटाला ३३⅓ फेरे. झालं होतं ते २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. त्या दिवशी ध्वनिमुद्रण करणारं टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. ती टेप नेहमीच्या गतीवर वाजवली की संगीत किंचित वेगात आणि किंचित चढं येतं. पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा त्या दिवशीच्या, आणि १९९२ साली दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत जगाने त्या तशाच चढ्या ऐकल्या. माझी प्रत सत्तरच्या दशकातली, म्हणजे जुन्या चुकीची. हे मी वाचलं होतं, चार माणसांना सांगितलंही होतं. कानाने मला ते कधीच ऐकू आलं नव्हतं.

रेकॉर्ड उलटली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिची गती बरोबर आहे. 'ऑल ब्लूज' सुरू झालं, मी काही न सांगता मामांचं बोट पांढरी पाचवर गेलं आणि तिथेच राहिलं. "हां, आता बसलं." सहाच्या वजनाची चीज आहे ती, दुसऱ्या हाताने त्यांनी भाता सोडला आणि गुडघ्यावर दादरा धरला. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, "ह्याला लई बोलायचंय." नंतर बिल एव्हान्सच्या पियानोवर काहीच बोलले नाहीत, फक्त आगटीतली काडी उकरत राहिले.

रात्री सगळे झोपल्यावर ओसरीवर आर्वो पार्टची 'टाबुला रासा' लावली, ईसीएमची १९८४ची. तिच्यातला दुसरा भाग 'सायलेन्शियम'. स्वर एकेक पायरी करत षड्जाकडे उतरतात, पुन्हा वर जातात, पुन्हा थोडे अधिक उतरतात. सगळ्यात शेवटी बास खाली खाली येतो, षड्जाच्या अलीकडची एकच पायरी उरते, आणि तिथे रचना संपते. षड्ज कुणी वाजवत नाही. तो षड्ज पांढरी दोनचा. सुई चरीत फिरत राहिली, मी ती उचलली नाही. गावाच्या दिशेने टाळ ऐकू येत होते.

सप्ताहाचा पाचवा दिवस होता. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस विणा जमिनीला टेकवत नाहीत. सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. हे सगळं चालू असताना आणि काहीच चालू नसतानाही मारुतीपुढे एक माणूस गळ्यात विणा घेऊन उभा असतो. दोन-दोन तासांचे पहारे गावातली घरं वाटून घेतात. दोन ते चारचा पहारा मामांच्या घराकडे होता. पावणेदोनला त्यांनी मला हलवलं. "गुडघे धरल्यात माझे. तू उभा राहतोस का?"

पाय धुऊन आत गेलो. आधीच्या पहारेकऱ्याने विणा माझ्या गळ्यात दिली, दोघं एकमेकांच्या पाया पडलो. विण्याला पडदे असून नसल्यासारखे. धून काढायचीच नसते, तर्जनीने मोकळ्या तारा छेडत राहायचं आणि रामकृष्णहरी म्हणायचं. पहिली दहा मिनिटं खांदा दुखला. मग दांडी गालाला टेकवून पाहिली आणि सूर कानाऐवजी हाडातून यायला लागला. तार छेडली की आधी आघात, मग षड्ज, आणि षड्ज विरता विरता त्याच्या पोटातून बारीकसा गंधार. तो येईपर्यंत पुढचा आघात करायचा नाही, असं मी बोटाला शिकवलं. देवळात मारुती, समई, एका कोपऱ्यात घोंगडीखाली झोपलेले दोन टाळकरी आणि मी. 'इन सी'मधला तो सतत वाजणारा वरचा सूर सांभाळणारा पियानोवादक मला कित्येकदा आठवला. पुढच्या वेळी ती रेकॉर्ड लावेन तेव्हा आधी त्याच्याकडेच कान जाईल.

चारला पुढचा पहारेकरी आला, अंघोळ करून, ओल्या केसांवर टोपी. काकड्याची मंडळी बाहेर चपला काढत होती. त्याने विणा घेण्याआधी हात पुढे करून माझ्या बोटाशेजारी स्वतःचं बोट तारेवर ठेवलं. तीन-चार आघात आम्ही दोघांनी मिळून केले, आणि मग मी माझं बोट उचललं.